इंजिनाचे नाक : मळ आला कोठून?

(विज्ञान विभाग – इयत्ता सातवी)



माणूस अन्नावाचून काही दिवस काढू शकतो, पाण्यावाचून त्याहून कमी. परंतु हवेवाचून काही मिनिटेसुद्धा राहू शकत नाही. इंजिनाचेही तसेच आहे. गाडीत पेट्रोल किंवा डिझेल भरताना आपण लिटर मोजतो आणि पैसेही मोजतो. हवा मात्र फुकट मिळते, म्हणून ती कोणी मोजत नाही. आज आपण ती मोजू या, आणि हवेबरोबर इंजिनाच्या नाकात जो मळ साचतो तो कसा ओळखावा व कसा काढावा ते पाहू या.

प्रथम एक गणित. 1 लिटर पेट्रोलचे वजन सुमारे पाऊण किलो असते. 1 किलो पेट्रोल नीट जळण्यासाठी सुमारे 14.7 किलो हवा लागते. म्हणजे 1 लिटर पेट्रोलला झाली जवळजवळ 11 किलो हवा. 1 घनमीटर हवेचे वजन साधारण 1.2 किलो धरले, तर ही हवा 9 घनमीटर, म्हणजे 9,000 लिटर होते. 15 लिटरच्या घागरीने मोजली तर 600 घागरी! पाथर्डीहून नगरला जाऊन परत येण्यास एखाद्या लहान गाडीला 7 लिटर पेट्रोल लागले असे समजा. तेवढ्या प्रवासात ती 63,000 लिटर हवा ओढते. 20 फूट लांब, 20 फूट रुंद आणि 10 फूट उंच अशा वर्गात सुमारे 1,13,000 लिटर हवा मावते. म्हणजे नगरच्या एका फेरीत गाडी अशा वर्गातील अर्ध्याहून जास्त हवा पिऊन टाकते.

आता ही हवा कोठली, याचा विचार करा. आपला तालुका कमी पावसाचा. उन्हाळ्यात कच्च्या रस्त्यावरून एक जीप गेली तरी मागच्याला पुढचे दिसत नाही. होळीपासून पाडव्यापर्यंत मढीच्या यात्रेला किती गाड्या येतात, नवरात्रात मोहटा देवीला किती येतात, हे आपण पाहतोच. ज्वारी-बाजरीची मळणी चालू असली की भुसकट आणि फुफाटा शिवारभर उडतो. मळणी यंत्र चालविणारा ट्रॅक्टर त्याच फुफाट्यात उभा राहून तासन् तास हवा ओढत असतो. आपण नाकाला रुमाल बांधतो. इंजिनाच्या नाकाला कोण बांधणार?

हवेची वाट

इंजिनालाही रुमाल असतो. त्याला एअर फिल्टर म्हणतात. बहुतेक मोटारींत तो घड्या घातलेल्या कागदाचा असतो आणि प्लॅस्टिकच्या डब्यात बसवलेला असतो. हवा त्यातून गाळून रबरी नळीत येते. पेट्रोल गाडीत या नळीच्या पुढे एक धातूचे बोळकांडे असते, त्याला थ्रॉटल बॉडी म्हणतात. तिच्यात रुपयासारखी गोल झडप असते. आपण ज्याला रेस देणे म्हणतो ते म्हणजे ही झडप उघडणे. झडप जास्त उघडली की जास्त हवा आत जाते, त्या मानाने पेट्रोल मिळते व गाडी पळते. झडपेच्या पुढे फाटे फुटलेली नळी असते, ती मॅनिफोल्ड. तेथून हवा प्रत्येक सिलिंडरमध्ये शिरते.

जुन्या गाड्यांत थ्रॉटल बॉडीच्या जागी कार्बोरेटर असे. तो हवेत पेट्रोलचा फवारा मिसळीत असे. 1972 साली आपल्या नगर शहरात तयार होऊ लागलेली लुना ही 50 सी. सी.ची छोटी दुचाकी कार्बोरेटरवरच चाले. तिचा कार्बोरेटर खोलून, बारीक भोकाच्या जेटमध्ये फुंकर मारून मळ काढणे हे काम गावोगावच्या सायकलवाल्यांनाही येत असे. पुढे पेट्रोल मोजण्याचे काम विजेवर चालणाऱ्या इंजेक्टरकडे आणि लहानशा संगणकाकडे गेले. पण हवेची झडप राहिली, आणि तिच्यावरचा मळही राहिला.

मळ दोन जातींचा

या पाठातील मुख्य गोष्ट हीच आहे. इंजिनाच्या नाकात सापडणारा मळ दोन जातींचा असतो. एक बाहेरून येणारा, दुसरा घरचाच.

बाहेरचा मळ म्हणजे रस्त्याची आणि शेताची धूळ. ती कोरडी, मातकट, बोटाला खरखरीत लागणारी असते. ती फिल्टरच्या अलीकडे राहिली पाहिजे. फिल्टरवर धूळ दिसणे ही चांगलीच गोष्ट आहे, कारण फिल्टर आपले काम करीत आहे असा त्याचा अर्थ.

घरचा मळ काळा, तेलकट व चिकट असतो. तो कसा होतो? इंजिनात स्फोट झाला की थोडासा वायू पिस्टनच्या कडेने निसटून खाली तेलाच्या चेंबरमध्ये उतरतो. तेथे तो तापलेल्या तेलाची वाफ बरोबर घेतो. फार पूर्वी ही वाफ नळीने सरळ बाहेर सोडून देत. त्यामुळे हवा दूषित होई. 1960 च्या दशकात अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात ही वाफ पुन्हा इंजिनातच नेऊन जाळण्याची पद्धत सक्तीची झाली आणि नंतर ती जगभर पसरली. यामुळे बाहेरची हवा सुधारली, पण हवेच्या वाटेवर तेलाचा पातळ थर बसू लागला. इंजिन बंद केल्यावर आतील गरम धूरही थोडा मागे येतो. तेलावर काजळी बसते, थर वाळतो, पुन्हा तेल, पुन्हा काजळी. थेंबे थेंबे तळे साचे, तसाच हा प्रकार.

आजच्या डिझेल मोटारींत तर धुराचा काही भाग मुद्दाम थंड करून परत हवेत मिसळतात, म्हणजे विषारी वायू कमी तयार होतात. 1 एप्रिल 2020 पासून देशभर बी. एस. 6 हे कडक प्रदूषण-नियम लागू झाले. हे नियम आपल्या छातीसाठी चांगले आहेत. परंतु धुराची काजळी आणि तेलाची वाफ एकत्र आली की डांबरासारखा थर तयार होतो. तो वेळच्या वेळी काढावा लागतो, हेही गाडीवाल्यांना ठाऊक असावे.

मी पाहिलेली सफाई

दिवाळीच्या सुट्टीत मी मामांकडे होतो. मामांची पेट्रोलची जुनी गाडी आहे. ते देवदर्शनाचे भाडे मारतात. त्या दिवसांत गाडीने एक खोड धरली होती. हमरस्त्यावर ती छान पळे, परंतु चौकात थांबवली की घुरघुर करून बंद पडे. एके ठिकाणी मामांना इंजिन उतरवण्याचा सल्ला मिळाला होता. त्याचा खर्च ऐकून मामी दोन दिवस बोलल्या नाहीत. मग मामा ओळखीच्या मिस्त्रींकडे गेले. मीही वही घेऊन गेलो. मिस्त्रींनी मला जवळ उभे राहू दिले. मात्र "हात मागं बांधून उभं राहायचं, काय?" अशी अट घातली.

साहित्य : 8 व 10 नंबरचे पाने, पेचकस, थ्रॉटल साफ करण्याच्या द्रवाचा फवारा-डबा, दात घासण्याचा जुना मऊ ब्रश, धागे न सुटणारे स्वच्छ फडके, रबरी हातमोजे, चष्मा.

कृती :

1. गाडी मोकळ्या जागी, उघड्या हवेत उभी केली. इंजिन थंड होऊ दिले. साफ करण्याचा द्रव पटकन पेट घेतो, म्हणून जवळ चूल, विडी, ठिणगी काही नाही याची खात्री केली.

2. बॅटरीची ऋण बाजूची वायर काढून ठेवली.

3. फिल्टरचा डबा उघडून फिल्टर उन्हात धरून पाहिला. कागद कोठे फाटला आहे का, रबराची कड नीट बसते का, हे तपासले.

4. नळीची क्लिप ढिली करून नळी काढली. कोणती नळी कोठली हे विसरू नये म्हणून मिस्त्रींनी मोबाईलवर आधीच फोटो काढून घेतला होता. नळीच्या आतून बोट फिरवून त्यांनी ते मला दाखवले. बोट काळे झाले होते. "बघ, काळं हाय, चिकट हाय. म्हंजी माती आत गेलेली न्हाई. जीव वाचला गाडीचा."

5. झडप हाताने अलगद उघडली. तिच्या कडेला काळ्या थराची कोर बसलेली होती. फवारा सरळ आत न मारता फडक्यावर मारला आणि त्याने झडप पुसली. कोपऱ्यातील थर ब्रशने सोडवला. पुन्हा पुसले. स्वच्छ फडके काळे होईनासे झाले तेव्हा थांबले.

6. द्रव पूर्ण वाळू दिला. सर्व भाग जसेच्या तसे बसवले. क्लिप घट्ट केली. वायर जोडून गाडी चालू केली.

निरीक्षण : पहिली दोन-तीन मिनिटे गाडी वेडीवाकडी चालली, थोडा धूर आला. मग आवाज एकसारखा झाला. मामांनी चौकात नेऊन गाडी उभी केली. ती बंद पडली नाही. मिस्त्रींनी मजुरी आणि डब्याचे पैसे घेतले. इंजिनाच्या कामासाठी सांगितलेल्या रकमेच्या मानाने ती किरकोळ होती.

स्पष्टीकरण : हमरस्त्यावर नीट चालणारी गाडी चौकातच का बंद पडत होती? वेगात झडप खूप उघडी असते. तेव्हा कडेला थोडा मळ असला तरी हवेला पुष्कळ वाट असते. गाडी उभी असताना झडप जवळजवळ मिटलेली असते आणि हवा केसासारख्या बारीक फटीतून जाते. त्या फटीत कागदाएवढा थर बसला तरी वाट बुजते. रुंद पाटात पडलेला दगड पाणी अडवीत नाही, पण तोच दगड नळाच्या तोंडाशी बसला तर पाणी बंद होते. तसेच हे आहे.

काय करू नये

मिस्त्रींनी सांगितलेल्या गोष्टी मी वहीत उतरवून घेतल्या. त्या अशा –

झडप पेचकसने खरवडू नये, पॉलिश कागदाने घासू नये. काही झडपांवर कारखान्यातून पातळ लेप दिलेला असतो, तो निघाला तर झडप नीट मिटत नाही. नव्या गाड्यांत झडप विजेच्या मोटरने उघडते. ती बोटाने जोर लावून दाबू नये, आतील दाते बिघडतात. अशा काही गाड्यांना सफाईनंतर झडपेची जागा यंत्र लावून पुन्हा शिकवावी लागते.

फिल्टरजवळच्या नळीत बऱ्याच गाड्यांत हवा मोजणारी केसासारखी बारीक तार असते. तिला ब्रश, फडके, बोट काहीही लावू नये. तिच्यासाठी वेगळा द्रव मिळतो. झडपेचा द्रव तिच्यावर मारू नये.

चालू डिझेल इंजिनाच्या नळीत कोणताही पेटणारा द्रव फवारू नये. डिझेल इंजिन तो इंधन म्हणून जाळते आणि त्याचा वेग हाताबाहेर जाऊ शकतो. डिझेल गाडीतील डांबरासारखा थर भाग खोलूनच साफ करावा. ते जाणत्या कारागिराचे काम आहे.

आणि मित्रांनो, आपण मुलांनी हे काम एकट्याने करू नये. द्रवाची वाफ नाकाला व डोळ्यांना वाईट असते. मोठ्यांजवळ उभे राहून पाहावे आणि वहीत लिहावे.

दुसरी गोष्ट ट्रॅक्टरची

काळा मळ पुसता येतो. तपकिरी मळाचे तसे नाही. हे मला आमच्या चुलत्यांच्या ट्रॅक्टरमुळे कळले.

आपल्या तालुक्यातून दसरा-दिवाळीनंतर कितीतरी कुटुंबे ऊसतोडीला जातात. आपल्या शाळेतील मुलेही जातात. ट्रॅक्टरवाले मुकादमाकडून किंवा कारखान्याकडून उचल घेतात आणि हंगामभर ऊस वाहून ती फेडतात. चुलत्यांच्या ट्रॅक्टरची फिल्टरपासून इंजिनाकडे जाणारी रबरी नळी तडकली होती. त्यांनी तिला सायकलची ट्यूब गुंडाळली आणि तारेने आवळली. ट्रॅक्टर चालत होता, म्हणून कोणाला काही वाटले नाही. पण इंजिन ज्या जोराने हवा ओढते, त्या जोराने ट्यूबच्या फटीतून धूळही ओढली जात होती. फिल्टर बिचारा दारात पहारा देत होता आणि चोर खिडकीतून शिरत होता.

वाळूचा कण काचेवर घासला तर ओरखडा उठतो, हे आपण पाहिले आहे. धुळीतील गारेचे कण लोखंडाहून कठीण असतात. ते पिस्टनच्या रिंगा आणि सिलिंडरची भिंत घासत राहतात. रिंगा झिजल्या की तेल वर चढते आणि जळते. तेव्हा निळसर धूर येतो व तेल वारंवार टाकावे लागते. चुलत्यांचा ट्रॅक्टर ऐन हंगामात निळा धूर टाकू लागला. नळी काढली तेव्हा तिच्या आत पिठासारखी तपकिरी माती होती. इंजिन खोलावे लागले. तेवढे दिवस ट्रॉल्या उभ्या राहिल्या, तोडणारी माणसे फडात बसून राहिली, आणि उचलीचा आकडा मात्र होता तेवढाच राहिला. रबरी नळीला लागले असते काही शे रुपये.

येथे धुराचा रंगही लक्षात ठेवावा. फिल्टर गच्च भरला की डिझेल इंजिनाला हवा कमी पडते, डिझेल अर्धवट जळते आणि धूर काळा येतो. फिल्टर साफ केला की तो बहुधा थांबतो. निळा धूर आला म्हणजे तेल जळते आहे असे समजावे. तो फिल्टर साफ करून थांबत नाही.

ट्रॅक्टरचे नाक कसे राखावे

बऱ्याच ट्रॅक्टरांना तेलाचा फिल्टर असतो. त्याच्या तळाशी तेलाची वाटी असते. हवा तेलावर आपटून वळते, धूळ तेलाला चिकटून खाली बसते आणि राहिलेली धूळ वरच्या तारेच्या जाळीत अडकते. ही वाटी धुळीच्या दिवसांत रोज उघडून पाहावी. तळाशी चिखलाचा थर साचला की तेल ओतून द्यावे, वाटी पुसावी, आणि आतील खुणेपर्यंतच नवे तेल भरावे. खुणेच्या वर भरू नये. जास्तीचे तेल इंजिनात ओढले जाते आणि वर सांगितल्याप्रमाणे वेग हाताबाहेर जाण्याचा धोका असतो. काढलेले तेल ओढ्यात किंवा विहिरीजवळ टाकू नये. डब्यात साठवून गॅरेजवर द्यावे.

कागदी फिल्टर असेल तर तो हातावर हळूच झटकावा, किंवा कमी दाबाची हवा आतून बाहेर मारावी. बाहेरून आत मारली तर धूळ कागदात रुतते. कागद पेट्रोलमध्ये बुडवू नये, दगडावर आपटू नये. काही ट्रॅक्टरांत मोठ्या फिल्टरच्या आत दुसरा लहान फिल्टर असतो. तो साफ करायचा नसतो, ठरलेल्या वेळी बदलायचा असतो.

अनुमान

मळ दिसला की लगेच फडके घेऊ नये. आधी बोटाने पाहावे. मळ काळा व चिकट असेल तर तो घरचा आहे, तो पुसून काढावा. मळ तपकिरी व कोरडा असेल आणि फिल्टरच्या पलीकडे सापडला असेल, तर पुसण्याआधी त्याची वाट शोधावी. फाटका कागद, ढिली क्लिप, तडकलेली नळी, न बसलेली रबराची कड यांपैकी काहीतरी सापडेलच. वाट बुजविल्याशिवाय केलेली सफाई म्हणजे गळक्या छपराखाली सारवण.

पालकांना माझी नम्र विनंती आहे की, वर्षातून तीन वेळा तरी हे तपासावे – मढीची यात्रा झाल्यावर, मळणी झाल्यावर, आणि कारखान्यावर निघण्याच्या आधी. दिव्याचा उजेड, एक फडके आणि आपले बोट एवढेच साहित्य लागते. ज्या गाडीवर घरातील चार माणसांचे पोट आहे तिच्या नाकाकडे पाहायला पाव तास पुरतो.

स्वाध्याय

1. तुमच्या घरी दुचाकी असेल तर ती 1 लिटर पेट्रोलमध्ये किती किलोमीटर जाते ते विचारा. पाथर्डीपासून तुमच्या मामाच्या गावापर्यंत ती किती घागरी हवा ओढील?
2. थांबल्यावरच बंद पडणाऱ्या गाडीचा दोष झडपेच्या कडेला का शोधावा?
3. काळा धूर आणि निळा धूर यांतील फरक आपल्या शब्दांत लिहा.
4. फिल्टरवर धूळ दिसणे चांगले, पण फिल्टरच्या पलीकडे दिसणे वाईट, असे का?
5. मळणीच्या वेळी आपल्या नाकाला रुमाल बांधून पाहा. संध्याकाळी रुमालाची बाहेरची व आतली बाजू पाहा आणि वर्गात सांगा.

उत्तरे वहीत लिहून शनिवारी मला दाखवा. चूक निघाली तर आपण दोघे मिळून मिस्त्रींना विचारू.